घड्याळाच्या नावाचा तांदूळ

किराणा दुकानात तांदूळ घ्यायला गेलो की आपण सहज म्हणतो, "एचएमटी द्या." बारीक दाणा, भात मोकळा होतो, चवीला बरा. पण एचएमटी ही तर घड्याळाची कंपनी. मग तिचे नाव तांदळाला कसे लागले? आणि ज्याने हा तांदूळ शोधला त्याचे नाव का लागले नाही? आजच्या भागात आम्ही हीच हकिगत सांगणार आहोत.

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुका आहे. त्या तालुक्यात नांदेड नावाचे लहानसे गाव आहे. मराठवाड्यातले मोठे नांदेड वेगळे, हे वेगळे. हा सगळा धानाचा मुलूख. इथे दादाजी रामाजी खोब्रागडे राहत. शाळा तिसरीपर्यंत, जमीन दीड एकराच्या आसपास.

१९८३ साली त्यांच्या बांधीत 'पटेल ३' नावाचे धान उभे होते. त्यात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्याचा रंग वेगळा, ठेवण वेगळी. अशा लोंब्या आपल्यालाही दिसतात. आपण त्याला भेसळ म्हणतो, कापणीत सगळे एकत्र करतो आणि विसरून जातो. दादाजींनी त्या लोंब्या बाजूला काढल्या, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या आणि पुढच्या हंगामात शेताच्या एका तुकड्यात वेगळ्या पेरल्या. रानडुकरांनी नासू नये म्हणून काटेरी फांद्यांचा आडोसा केला.

आता इथे थोडे थांबून समजून घेऊ, कारण दादाजींची बुद्धी नेमकी कुठे होती ते इथे कळते. धानाच्या फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. बहुतेक वेळा फूल आपल्याच परागाने फळते, म्हणून धानाची लेकरे आईसारखीच निघतात. पण कधीतरी शेजारच्या झाडाचा पराग येतो, नाहीतर निसर्गातच एखादा बदल घडतो, आणि वेगळे रोप उगवते. त्या रोपाचे बी पेरले तर पहिल्या काही वर्षांत सगळी रोपे सारखी येतीलच असे नाही. काही उंच, काही बुटकी, काही लवकर पिकणारी. त्यातून हव्या त्या गुणाची रोपे निवडायची, बाकीची काढून टाकायची, पुन्हा पेरायचे, पुन्हा निवडायचे. असे वर्षानुवर्षे केले म्हणजे सगळे शेत एकसारखे दिसू लागते. तेव्हा कुठे त्याला नवे वाण म्हणता येते.

संशोधन केंद्रात या कामाला प्रयोगाची जमीन असते, मजूर असतात, नोंदवह्या असतात, पगार असतो. दादाजींकडे दीड एकर होते आणि त्यातच घर चालवायचे होते. एक तुकडा प्रयोगाला ठेवायचा म्हणजे तेवढे पोटाचे धान कमी. तरी १९८३ पासून पुढची पाच-सहा वर्षे ते निवडत राहिले. बी वाढले, पीक चांगले आले, भात शिजवून खाल्ला तर मूळच्या वाणापेक्षा चवदार लागला.

मग गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याने त्यांच्याकडून बी नेऊन पेरले. त्याचे पीक चांगले आले आणि तो ते तळोधीच्या बाजारात घेऊन गेला. व्यापाऱ्याने विचारले, हे कोणते धान? नाव तर काही नव्हते. त्या काळात मनगटावर एचएमटीचे घड्याळ असणे ही मोठी गोष्ट होती. व्यापाऱ्याने तेच नाव धानाला देऊन टाकले. अशा रीतीने शोध नांदेड गावाचा आणि नाव घड्याळाचे झाले.

नंतर हे बी हातोहात पसरले. एका गावातून दुसऱ्या गावात, एका जिल्ह्यातून दुसऱ्यात आणि पुढे शेजारच्या राज्यांतही. बियाणे असेच असते, सख्यांनो. यंत्राची नक्कल करायला कारखाना लागतो. बी आपली नक्कल आपणच करते. पायलीभर नेले की पुढच्या वर्षी पोते होते, आणि पोत्यावर कोणी लिहीत नाही की हे मूळ कोणाचे.

१९९४ साली अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्राने दादाजींकडून थोडे बी नेले. १९९८ साली विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' नावाचे वाण प्रसारित केले. विद्यापीठाचे म्हणणे असे की शेतकऱ्यांकडच्या बियाण्यात भेसळ होती, ते आम्ही शुद्ध केले. बी शुद्ध करणे हेही खरे काम आहे, ते कमी लेखू नये. पण शुद्ध करायला आधी काहीतरी असावे लागते. ते ज्याने दिले त्याचे नाव वाणाच्या नावात आले नाही आणि विक्रीतला पैसाही त्याच्या घरी आला नाही.

दादाजींनी नोंद का केली नाही, असे कोणी विचारेल. तर शेतकऱ्याने शोधलेले वाण त्याच्या नावावर नोंदवावे असा कायदाच तेव्हा देशात नव्हता. तो २००१ साली झाला.

मान मिळाला, पण उशिरा. २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला. २०१० साली 'फोर्ब्स' मासिकाने ग्रामीण भारतातल्या प्रभावी उद्योजकांच्या यादीत त्यांचे नाव घेतले. यादीत नाव आले तरी घरची ओढाताण सुटली नाही. दादाजींनी मात्र निवडायचे काम सोडले नाही. एचएमटीनंतर त्यांनी आणखी आठ वाणे काढली. नांदेड चिन्नोर, नांदेड हिरा, विजय नांदेड अशी त्यांची नावे. एकाचे नाव डीआरके, म्हणजे दादाजी रामाजी खोब्रागडे. पहिल्या वेळी नाव गेले होते. पुढच्या वाणांना गावाचे आणि स्वतःचे नाव त्यांनी आपणच लावले. ३ जून २०१८ रोजी दीर्घ आजारानंतर ते गेले.

ही गोष्ट आम्ही बचत गटांच्या कार्यक्रमात का सांगतो आहोत? कारण रोवणीला वाकून उभ्या असतात त्या बाया. निंदताना एकेक रोप हाताखालून जाते ते बायांच्या. वालाचे, भोपळ्याचे, वांग्याचे बी राखेत घोळून मडक्यात ठेवतात त्याही बायाच. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण गावठी बियाणे जपण्याच्या कामासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या प्रत्येक गावात असे जाणते डोळे आहेत. फक्त त्यांची नोंद नाही.

२००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. अट एवढीच की संरक्षित वाणाचे बी कंपनीसारखे छापील नाव लावून विकता येत नाही. शेतकऱ्यांना स्वतःचे वाण नोंदवता येते. एकट्याने नाही तर गटानेही अर्ज करता येतो.

म्हणून गटाच्या बैठकीत हिशोबाच्या वहीबरोबर बियाण्याचीही एक वही ठेवा. बी कोणाकडून आले, कोणत्या साली पेरले, रोप कसे दिसते, किती दिवसांत पिकते, चव कशी आहे, आणि गावाबाहेर कोणी नेले तर कोणी, किती आणि कधी, हे लिहा. नेणाऱ्याची सही घ्या. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला बसवा. नोंदणीबद्दल जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा, आणि दोघी-तिघी मिळून जा.

पुढच्या वेळी दुकानात एचएमटी मागताना सोबतच्या मुलाबाळांना सांगा की हा तांदूळ नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधला. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.