दाण्याची कॉफी आणि भुकटीची कॉफी

घरी आलेल्या पाहुण्यापुढे डब्यातील भुकटीची कॉफी ठेवली, तर यजमानाने आतिथ्यात कसूर केली असे मानणारे पुष्कळ आहेत. हा न्याय कितपत योग्य आहे, हे ठरविण्यापूर्वी या दोन्ही पेयांचा इतिहास पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आपल्या देशात कॉफी आली ती एका यात्रेकरूच्या हातून, असे परंपरा सांगते. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी मक्केहून परतताना येमेनमधून सात बिया आणल्या आणि चिकमगळूरनजीकच्या डोंगरावर त्या लावल्या. चंद्रद्रोण नावाचा हा डोंगर दत्तात्रेयपीठ म्हणूनही पूज्य आहे, त्यामुळे दत्तभक्तांस तो परका नाही. पुढे दक्षिणेत कॉफी करण्याची एक सुंदर रीत रूढ झाली. बिया भाजून दळावयाच्या, दुमजली पितळी गाळणीत पूड भरून वर कढत पाणी ओतावयाचे आणि थेंबाथेंबाने खाली उतरलेला अर्क उकळत्या दुधात मिसळावयाचा. कॉफीचा सुवास अत्यंत उडून जाणारा असतो. म्हणूनच ताज्या दळलेल्या पुडीची सर दुसऱ्या कशास येत नाही.

भुकटीची कथा निराळी आहे. न्यूझीलंडमधील इन्व्हरकार्गिल येथील डेव्हिड स्ट्रँग यांनी १८९० च्या सुमारास विरघळणाऱ्या कॉफीचे पेटंट मिळविले. १९०१ मध्ये शिकागोतील जपानी रसायनज्ञ सातोरी कातो यांची भुकटी अमेरिकेतील बफेलोच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. परंतु तिला खरे बळ मिळाले ते एका आपत्तीतून. १९२९ च्या मंदीनंतर ब्राझीलमध्ये कॉफीचे भाव कोसळले. भाव सावरावेत म्हणून तेथील सरकारने १९३१ ते १९४४ या काळात सुमारे ७ कोटी ८० लक्ष पोती कॉफी नष्ट केली. त्यांतील बरीच अग्नीच्या स्वाधीन झाली. शेतकऱ्याने वर्षभर जोपासलेल्या पिकाची ती राख होती! याच संकटात ब्राझीलने स्वित्झर्लंडच्या नेस्ले कंपनीस कॉफी टिकविण्याचा उपाय शोधण्यास सांगितले. माक्स मॉर्गेन्थालर यांच्या अनेक वर्षांच्या परिश्रमानंतर १९३८ मध्ये ‘नेसकॅफे’ बाजारात आली. दुसऱ्या महायुद्धात अशी कॉफी अमेरिकन सैनिकांच्या शिध्यात गेली आणि जगभर पसरली.

तेव्हा भुकटी ही नकली कॉफी नव्हे. ती गाळून वाळविलेला अर्कच होय. अर्काचे सूक्ष्म तुषार गरम हवेत सोडले की पाणी उडून भुकटी उरते. मात्र पाण्याबरोबर सुवासाचाही मोठा अंश जातो. साठीच्या दशकात अर्क गोठवून निर्वात जागी वाळविण्याची रीत आली, तीत सुवास अधिक टिकतो. तथापि ताज्या अर्काची बरोबरी तिनेही साधलेली नाही.

आमचे मत विचाराल तर चवीच्या कसोटीवर दाण्याची कॉफीच श्रेष्ठ. परंतु भुकटीचा जन्म आळसातून झाला नाही. नासाडी टाळण्याच्या तळमळीतून तिला बळ मिळाले, हे विसरता कामा नये. सवड असेल तेव्हा गाळणी चढवावी. आणि रुग्णाच्या उशाशी जागणाऱ्या, वा दूरच्या यात्रेहून अवेळी परतलेल्या माणसाने घटकेत भुकटी ढवळून पेला पुढे केला, तर तो कृतज्ञतेने घ्यावा. आतिथ्य भांड्यात नसते, देणाऱ्याच्या मनात असते.