अंशांचा करार

जालन्याच्या पूर्वेकडचा किल्ला आणि त्यातला मस्तगड हा बालेकिल्ला काबिलखानाने १७२५ साली बांधला. हुकूम निजामउल्मुल्क आसफजाहचा होता. आदल्याच वर्षी साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिजखानाचा पाडाव करून त्याने दख्खनवर आपला अंमल बसवला होता. औरंगाबादपेक्षा जालन्याची हवा आरोग्याला चांगली, म्हणून त्याला इथे राहणे आवडे, अशी नोंद गॅझेटियरमध्ये आहे. बालेकिल्ल्यात एक मोठी विहीर आहे आणि तिला सज्जे व खोल्या आहेत. पाण्यालगतच्या अशा जागेत भर उन्हाळ्यातली दुपारही सुसह्य होते, हे दख्खनच्या गवंड्यांना चांगले ठाऊक होते. पण जालन्याची हवा औरंगाबादपेक्षा नेमकी किती चांगली होती, या प्रश्नाला उत्तर नाही. उंचीने तर जालना औरंगाबादहून खालीच आहे. निजामाला जे जाणवले ते खोटे म्हणण्याचे कारण नाही, परंतु ते पडताळून पाहण्याचा मार्गही नाही, कारण दोन गावांची उष्णता एकाच मापाने मोजून ठेवण्याची सोय इथे अजून आलेली नव्हती. ती सोय त्याच सुमारास युरोपात आकार घेत होती. १७२४ साली डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आपले प्रयोग आणि मोजपट्टी प्रसिद्ध केली. तापमापकाच्या इतिहासात काच आणि पारा यांच्यापेक्षा अंशांबद्दलचा करार मोठा आहे, आणि आजचे जालना त्या करारावर उभे आहे, असे माझे म्हणणे आहे.

नळीतला द्रव उष्णतेने हलतो, हे फॅरनहाइटच्या शंभर वर्षे आधीच माहीत होते. गॅलिलिओच्या काळातले उपकरण उघड्या हवेशी जोडलेले असल्याने हवेचा दाब बदलला तरी हलायचे. सतराव्या शतकाच्या मध्यास फ्लॉरेन्समध्ये नळीचे तोंड बंद झाले आणि तो दोष गेला. तरीही प्रत्येक कारागिराच्या खुणा वेगळ्याच राहिल्या, त्यामुळे एका नळीवरचा आकडा दुसऱ्या नळीला कळत नसे. १७१४ साली फॅरनहाइट यांनी हाले येथील प्राध्यापक ख्रिस्टियान वोल्फ यांना दोन तापमापक दिले. ते दोन्ही सारखेच अंश दाखवतात, याचे वोल्फना इतके अप्रूप वाटले की त्यांनी त्यावर लेख लिहिला. दोन उपकरणांचे एकमत होणे ही त्या काळी बातमी होती. फॅरनहाइटचे खरे श्रेय या एकमतात आहे.

हे एकमत निसर्गाकडून आयते मिळाले, असे वाटण्याचा संभव आहे. बर्फ वितळतो, पाणी उकळते, या दोन खुणा सगळीकडे सारख्याच, मग करार हवा कशाला? ही शंका मस्तगडावरच तपासून पाहता येते. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाब कमी असल्याने पाणी १०० ऐवजी साधारण ९८.३ अंश सेल्सिअसलाच उकळते. उकळत्या पाण्यात नळी बुडवून पारा थांबेल तिथे कोणी १०० ची खूण केली, तर तो तापमापक मुंबईत तशाच रीतीने बनवलेल्या तापमापकाशी कधीच जुळणार नाही. या अडचणीवर लंडनमध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. उकळबिंदू ठराविक दाबाखाली आणि पाण्याऐवजी वाफेत धरावा, असे तिने १७७७ साली सुचवले. अँडर्स सेल्सिअस यांच्या १७४२ च्या मूळ पट्टीवर तर उकळत्या पाण्याला शून्य आणि वितळत्या बर्फाला शंभर होते; आजचा क्रम त्यांच्यानंतर रूढ झाला. निसर्गाने खुणा दिल्या, पण त्या कशा वाचायच्या हे माणसांनी बसून ठरवले.

मग आकडे मनमानीच ठरतात की काय, असा आक्षेप येतो. आपल्या घरांत अंगातला ताप फॅरनहाइटमध्ये सांगतात आणि उन्हाचा पारा सेल्सिअसमध्ये. मूल ‘एकशे दोन’ने फणफणलेले असते आणि बाहेर पारा बेचाळीसवर असतो, तरी कोणाचा गोंधळ होत नाही. आकडे मनमानीने निवडलेले आहेत, हे खरेच. पण एकदा निवडल्यावर ते पाळण्यात मनमानी चालत नाही, आणि याचा दाखला जालन्याच्या बियाण्याच्या धंद्यातच मिळतो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको सुरू केली. पुढे १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि जालन्याचे नाव बियाण्यांशी कायमचे जोडले गेले. बियाणे साठवण्याचा एक नियम जगभर वापरतात: गोदामाचे तापमान आणि हवेतली टक्केवारीतली आर्द्रता यांची बेरीज शंभराच्या आत ठेवावी. हा नियम फॅरनहाइटच्या अंशांत बांधलेला आहे. ४० अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेच्या गोदामात कोणी भाबडेपणाने नव्वद अशी बेरीज केली, तर त्याला माल सुरक्षित वाटेल. प्रत्यक्षात ती बेरीज १०४ अधिक ५०, म्हणजे १५४ होते आणि बियाण्याची उगवणशक्ती झपाट्याने खालावते. पट्टी कोणतीही असो, ती कोणती हे विसरले की शेतकऱ्याची पेरणी वाया जाते. विल्यम थॉमसन, म्हणजेच लॉर्ड केल्व्हिन यांनी १८४८ साली कोणत्याही एका पदार्थावर विसंबून नसलेली पट्टी सुचवली आणि कराराचा पाया आणखी पक्का झाला. २०१९ पासून केल्व्हिन हे एकक बोल्ट्झमनच्या स्थिरांकावर ठरते, त्यामुळे आता एकक ठरवायला पाण्याचीही गरज उरलेली नाही.

दुसरा आक्षेप अनुभवाच्या बाजूने येतो. रोहिणीचा उकाडा आणि मृगाचा गारवा शेतकऱ्याला पंचांगाने आणि अंगाने कळत आला आहे; मुरलेला भट्टीवाला धातूच्या रंगावरून ताव ओळखतो. हे ज्ञान अस्सल आहे, त्याला कमी लेखणे चूक ठरेल. पण ते ज्याच्याजवळ असते त्याच्याजवळच राहते. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत रस १५०० अंश सेल्सिअसच्या वर तापतो, तर पारा ३५७ अंशांनाच उकळतो, म्हणून तिथे थर्मोकपल लागतो. प्लॅटिनम आणि प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या तारांची ही जोडी आंरी ल शातलिए यांनी १८८६ साली मोजमापासाठी विश्वासार्ह केली. पुठ्ठ्याच्या नळीत बसवलेले तिचे टोक काही क्षण रसात बुडवतात. पुठ्ठा जळू लागतो, तेवढ्यात आकडा मिळतो आणि टोक फेकून देतात. तो आकडा पाळी बदलली तरी तोच राहतो, आणि सळई घेणाऱ्या दूरच्या गिऱ्हाइकालाही त्याच अर्थाने समजतो. उस्तादाच्या नजरेला हे साधत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: हे माप राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी आले. हेही खरे आहे. १८०२ साली विल्यम लॅम्ब्टन यांनी मद्रासजवळ भारताच्या मोजणीची पायारेषा आखली, तेव्हा शंभर फुटी पोलादी साखळीजवळ तापमापक ठेवले होते, कारण तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले की अशी साखळी सुमारे साडेतीन मिलिमीटर लांबते. ती मोजणी उत्तरेकडे नेता नेता १८२३ साली लॅम्ब्टन यांचा हिंगणघाटला मृत्यू झाला. साम्राज्याला नकाशा हवा होता, म्हणून उन्हाचा हिशेब ठेवला गेला. पण ज्या करारावर तो हिशेब उभा होता, तो कोणाच्या मालकीचा राहिला नाही. चक्रीवादळे आणि दुष्काळ यांच्या तडाख्यानंतर १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याच्या नोंदींवरच आज आपण उन्हाळा तीव्र होतो आहे की नाही, हे ठरवू शकतो.

म्हणून हा करार सांभाळणे आता आपले काम आहे. हवामान खात्याचा आकडा पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, सावलीत, खेळत्या हवेत घेतलेला असतो. रोलिंग मिलच्या पत्र्याखाली उभ्या असलेल्या कामगाराला त्याच वेळी सोसावी लागणारी उष्णता त्याहून खूपच जास्त असते. दोन्ही आकडे खरे आहेत, पण एकाच्या जागी दुसरा वापरणे हा त्या कामगारावर अन्याय आहे. जालन्यासारख्या गावात भट्टीतल्या रसाचा अंश मोजला जातो, बियाण्याच्या गोदामाचाही मोजला जातो. त्याच काटेकोरपणे माणूस जिथे राबतो तिथली उष्णताही रोज, ठरल्या वेळी, ठरल्या रीतीने मोजून लिहून ठेवली पाहिजे. अशा नोंदी असतील, तरच दुपारची सुट्टी, पाण्याची सोय आणि कामाच्या वेळा यांसाठी कामगाराला पुराव्यानिशी मागणी करता येईल.