पोवळ्याच्या भिंतीआडचा किनारा

कोकणच्या माणसाला समुद्रकिनारा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पुळण, कातळ, खाडी आणि खाडीच्या तोंडाशी तिवरांची गर्दी हे त्याच्या रोजच्या पाहण्यातले. पोवळ्याचा किनारा मात्र आपल्याला अपरिचित आहे. मालवणच्या आसपास प्रवाळाची थोडी वस्ती आढळते. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा ‘आंग्रिया बँक’ हा बुडीत उंचवटा आहे, त्यावरही प्रवाळ आहे. पण ज्या किनाऱ्यासमोर पोवळ्याची अखंड तटबंदीच उभी आहे असा किनारा पाहावयाचा तर ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येस जावे लागते. तेथील ‘ग्रेट बॅरिअर रीफ’ची लांबी सुमारे 2300 किलोमीटर आहे. महासागराची लाट या रांगेवर आदळून फुटते आणि आतले पाणी तळ्यासारखे निवांत राहते. भिंतीच्या आत येणाऱ्याला हे पाणी प्रथम मोठे आश्वासक वाटते.

कप्तान जेम्स कुक यालाही ते तसेच वाटले असावे. 1770 च्या मे महिन्यात त्याचे ‘एन्डेव्हर’ जहाज या भिंतीच्या आत शिरले, आणि आपल्या उजव्या हाताला शेकडो मैल पोवळ्याचा तट उभा आहे याची कल्पना त्याला कित्येक दिवस नव्हती. पुढे उत्तरेकडे तट आणि किनारा एकमेकांजवळ येत जातात. 11 जूनच्या रात्री स्वच्छ चांदणे होते. पाण्याची खोली मोजणाऱ्या खलाशाने सतरा वाव सांगितले आणि त्याने पुन्हा शिसे टाकण्यापूर्वीच जहाज प्रवाळावर चढले. तोफा, नीरम आणि नासलेला शिधा मिळून चाळीस-पन्नास टन वजन समुद्रात लोटले, तेव्हा तेवीस तासांनी जहाज सुटले. मग एका शिडावर लोकर व जुन्या दोरखंडांचे पिंजलेले तंतू शेणात कालवून थापले आणि ते शिड जहाजाच्या पोटाखालून ओढून भोकावर बसविले. मौज अशी की, ज्या पोवळ्याने भोक पाडले त्याचाच एक मोठा तुकडा तुटून त्या भोकात अडकून राहिला होता. तो निसटता तर जहाज तळाला जाते.

असे हे लंगडे जहाज 17 जून रोजी एका नदीच्या मुखात शिरले आणि 4 ऑगस्टपर्यंत, म्हणजे जवळजवळ सात आठवडे, तेथेच राहिले. नकाशावर ही ‘एन्डेव्हर नदी’ झाली. पण नदी निनावी नव्हती, किनाराही निर्मनुष्य नव्हता. गुगु यिमिथिर भाषा बोलणाऱ्या लोकांचा हा मुलूख. जगाला ‘कांगारू’ हा शब्द मिळाला तो याच काठावर. कांगारू म्हणजे ‘मला ठाऊक नाही’, अशी एक गंमतीची कथा आपल्याकडील पुस्तकांतूनही सांगतात. ती खोटी आहे. 1820 साली किंग नावाचा दुसरा कप्तान तेथे गेला, त्याला वेगळाच शब्द मिळाला आणि कुकची फजिती झाली असे लोक समजले. किंगला मिळालेला शब्द बहुधा ‘खाण्याजोगे जनावर’ अशा सामान्य अर्थाचा होता. जॉन हॅविलंड या भाषाशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या भाषेचा अभ्यास केला तेव्हा कांगारूच्या एका मोठ्या जातीला तेथे ‘गंगुरू’ म्हणतात हे पुन्हा सिद्ध झाले. दीडशे वर्षे लोक ज्यांना हसले ते बिचारे बरोबर बोलत होते!

आमच्या मते या सात आठवड्यांतील खरी ऐतिहासिक घटना म्हणजे कासवांवरून झालेला तंटा. कुकचे खलाशी होडीने बाहेरच्या प्रवाळावर जाऊन दोन-दोन, तीन-तीनशे पौंडांची कासवे धरून आणीत. येथे कुकचा एक मोठा गुण सांगितला पाहिजे. मिळालेले ताजे अन्न कप्तानापासून पोऱ्यापर्यंत सर्वांना सारखे वाटावे असा त्याचा हुकूम होता. 19 जुलै रोजी किनाऱ्यावरील दहाएक माणसे जहाजावर आली. फळीवर दहा-बारा कासवे पडलेली त्यांनी पाहिली आणि खुणेने एक मागितले. ते मिळाले नाही. त्यांनी एक ओढून नेण्याचा प्रयत्न केला, तोही हाणून पाडण्यात आला. तेव्हा ती माणसे संतापाने किनाऱ्यावर उतरली, एक पेटते लाकूड उचलले आणि खलाशांच्या तळाभोवतीच्या उंच वाळक्या गवताला आग लावली. तळावरील दारू नुकतीच जहाजावर हलविली होती, म्हणून अनर्थ टळला. कुकने छर्ऱ्याची बंदूक झाडली. एकजण जखमी झाला आणि रक्ताचे थेंब सांडले.

कुकच्या दृष्टीने कासव समुद्राचे, म्हणजे जो धरील त्याचे. किनाऱ्यावरील लोकांच्या दृष्टीने ते प्रवाळ त्यांचे होते आणि त्यावरचे कासव कोणी, किती धरावे याला मर्यादा होत्या. त्यांच्या वंशजांचे म्हणणे असे की, पाहुण्यांनी न विचारता आणि गरजेपेक्षा फार जास्त घेतले. अन्न सर्वांना सारखे वाटणाऱ्या कप्तानाच्या ‘सर्वां’त घरमालक बसत नव्हता, एवढाच या तंट्याचा अर्थ.

पण पुढे जे घडले ते अधिक मोलाचे आहे. कुक आणि त्याचा सोबती जोसेफ बँक्स पाठलाग करीत रानात गेले. टाकून दिलेले काही भाले त्यांनी उचलले. थोड्या वेळाने एक म्हातारा पुढे आला. त्याच्या हातात भाला होता, पण भाल्याला टोक नव्हते. तो थांबत थांबत जवळ आला, बोलला, आपल्या माणसांकडे परतला आणि पुन्हा आला. भाले परत देण्यात आले, तंटा मिटला. त्या जागी रक्त सांडू नये असा तेथील लोकांचा जुना दंडक होता, असे त्यांची परंपरा सांगते. म्हाताऱ्याचे नाव कुकने नोंदविले नाही. किनाऱ्यावरील टेकड्यांना व भूशिरांना मात्र त्याने आठवणीने नावे दिली.

नदीतून निघाल्यावर भिंतीबाहेर पडण्याची वाट शोधण्यासाठी कुक 12 ऑगस्टला एका उंच बेटावर चढला. घोरपडींसारखे मोठे सरडे दिसले म्हणून त्याने त्याला ‘लिझर्ड आयलंड’ म्हटले. मूळ नाव जिगुर्रू. शिखरावरून त्याला प्रवाळाच्या रांगेतील फटी दिसल्या. खाली पुळणीजवळ माणसांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे ढीगही दिसले. लोक येथे होड्यांनी येतात एवढे त्याने ताडले. त्या बेटावरील शिंपल्यांचा एक थर संशोधकांनी अलीकडे दोन मीटरांहून खोल खणला. माणसाचा वावर सहा हजार वर्षांहून जुना ठरला, आणि मातीच्या भांड्यांची खापरे निघाली. 1815 ते 2950 वर्षांपूर्वीच्या काळातील ही खापरे तेथल्याच मातीची आहेत. हा वृत्तान्त 2024 साली प्रसिद्ध झाला. तोपर्यंत ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांना कुंभारकाम ठाऊकच नव्हते, असे पंडित बिनदिक्कत लिहीत असत. कुकची नजर क्षितिजावर होती, हा त्याचा दोष नव्हे, त्याला जहाज बाहेर काढावयाचे होते. पण पंडितांना तशी कोणती घाई होती?

भिंतीबाहेर जाऊन, तेथे लाटांनी पुन्हा पोवळ्यावर ढकलल्यावर जीव मुठीत धरून आत येऊन, कुक उत्तर टोकाला पोचला. 22 ऑगस्टला एका लहान बेटावर निशाण लावून त्याने सारा पूर्व किनारा इंग्लंडच्या राजाच्या नावे केला. कुणाला विचारले नाही.

येथे मुंबईशी संबंध असलेली एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. 1803 च्या ऑगस्टमध्ये मॅथ्यू फ्लिंडर्स ज्या जहाजावर होता ते ‘पॉर्पस’ आणि त्याच्या सोबतचे ‘केटो’ ही दोन्ही एका रात्री प्रवाळावर फुटली. तिसरे जहाज ‘ब्रिजवॉटर’ वाचले, पण बुडणाऱ्यांना हात न देता सरळ चालते झाले आणि मुंबईस येऊन पोचले. इकडे ऐंशीएक माणसे ओसाड वाळूच्या दांड्यावर बसली होती; फ्लिंडर्सने उघड्या होडीतून सिडनी गाठून त्यांची सुटका केली. ‘ब्रिजवॉटर’ मुंबईहून विलायतेस निघाले, ते पुन्हा कोणाला दिसले नाही. बिनटोकाचा भाला घेऊन परक्यांपुढे येणारा तो म्हातारा आम्हांला या कप्तानापेक्षा सुधारलेला वाटतो.

कुक गेला, त्याने लावलेल्या निशाणाचा परिणाम शंभर वर्षांनी जाणवला. 1873 साली पामर नदीवर सोने सापडले आणि त्याच नदीमुखाशी कुकटाउन वसले. गुगु यिमिथिर लोक बंदुकीने आणि रोगराईने मारले गेले. उरले ते मिशनच्या आश्रयाला गेले. 1942 साली, युद्धाच्या धामधुमीत, मिशनवरील लोकांना सक्तीने दक्षिणेस वूराबिंडाला हलविले; तेथे पुष्कळ मेले. वाचलेले 1949 नंतर परत येऊ लागले, आपली भाषा घेऊन.

त्या निशाणाला कायद्याने उत्तर मिळाले ते मात्र आणखी उत्तरेकडून. प्रवाळाच्या उत्तर टोकाशी मेर नावाचे बेट आहे. त्याच्या उथळ प्रवाळपठारावर दगडांच्या लांबच लांब बांधोळ्या आहेत. भरतीबरोबर मासे आत येतात, ओहोटीला अडकतात. बेटाची जमीनही कुळाकुळांत वाटलेली. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, दुसऱ्याच्या वाटेने जाऊ नये, हा तेथील मालो देवाचा कायदा. या बेटाच्या एडी माबोने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1982 साली दावा लावला. 3 जून 1992 रोजी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मेरच्या लोकांचा जमिनीवरील मूळ हक्क मान्य केला. माबो त्याच वर्षी जानेवारीत वारला होता. हा निकाल जमिनीपुरता होता. त्या सामुद्रधुनीच्या पाण्यातील मासे, विकण्यासाठीसुद्धा, धरण्याचा तेथील लोकांचा हक्क न्यायालयाने मान्य केला तो 2013 साली.