पांझरेकाठचे फड आणि हिशेबी मनुष्य

खानदेशात पांझरेच्या आणि बागलाणात मोसम-आरम या नद्यांच्या काठी तीन-चारशे वर्षांपूर्वीची मानली जाणारी, बंधाऱ्याचे पाणी सामाईकपणे वाटून घेण्याची जी फडपद्धती नांदत आली, तिच्याकडे समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिले नाही, याची मला मनापासून खंत वाटते. १९६५ साली मॅन्कर ओल्सन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने असे प्रतिपादिले की, ज्या लाभापासून कोणालाच वगळता येत नाही, त्यासाठी मोठ्या समूहातला आपले हित जाणणारा मनुष्य सक्तीवाचून किंवा वेगळ्या प्रलोभनावाचून पदरमोड करणार नाही. या न्यायाने सामाईक पाटातला गाळ उपसायला कोणी फिरकूच नये.

फडकऱ्यांनी मात्र चुकारपणाची संधीच उरणार नाही अशी व्यवस्था बसविली होती. बंधाऱ्याखालचे सारे भिजणारे क्षेत्र, म्हणजे थळ, बहुधा तीन-चार फडांत विभागलेले असे. एका फडात एकच पीक, कुठे ऊस, कुठे हंगामी धान्य, आणि त्यांची पाळी सालोसाल फिरती. एकेका खातेदाराचे तुकडे निरनिराळ्या फडांत असल्याने, पाणी आटले आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर झळ एकट्यादुकट्यालाच लागत नसे. शेतकऱ्याने स्वतः पाणी धरायचेच नाही. ते काम पाटकऱ्याचे, पिकाची राखण जागल्याची, दोघांवर देखरेख हवालदाराची, आणि त्यांचा मेहनताना बहुधा धान्यरूपाने.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात जगभरच्या अशा सामाईक व्यवस्थांचा जो विचार मांडला, त्याच्या उजेडात पाहता, नियम एकदा रुजल्यावर तो पाळणे प्रत्येकाच्या हिताचे कसे होते, हे हिशेबी मनुष्याच्या सिद्धान्ताने उत्तम उलगडते. परंतु तो नियम प्रथम बसविण्याचा, हवालदाराला पाठबळ देण्याचा आणि आपल्या रानात काय पेरावे हा अधिकार पंचांच्या हवाली करण्याचा खटाटोप कोणी कोणत्या लाभासाठी केला, हे त्याला सांगता येत नाही. कारण तो खटाटोपही सामाईकच, आणि त्यातूनही अंग काढता येतेच. तेथे भाऊबंदकी, गावकी, वतनाचा मान आणि लौकिकाची भीती यांचाच विचार करावा लागतो.

वरच्या अंगाला धरणे झाली आणि थळात विहिरी वाढल्या, तेव्हा ज्याला स्वतःचे पाणी मिळाले तो फडाच्या बंधनातून मोकळा होऊ लागला. या मोडतोडीचा अर्थ ओल्सनच्या तर्काने विनासायास लागतो. बंधारा प्रथम घालणाऱ्यांचा अर्थ त्याला लागत नाही.