बारा दिवस मागे

एप्रिल 2021, पुणे. संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर फक्त रुग्णवाहिकांचे भोंगे. तुम्ही आतल्या खोलीत एकटे. बोटाला ऑक्सिमीटर, आकडा 93. "आता किती?" आई दाराबाहेरून विचारते.

बारा दिवस मागे चला. कोरोना विषाणूच्या काट्यानं नाकातल्या पेशीवरचा एसीई-2 हा ग्राही पकडलाय. एरवी लागण झालेली पेशी इंटरफेरॉन सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. या विषाणूची प्रथिनं ती हाकाटीच दाबून टाकतात. म्हणून तुम्हाला काहीच जाणवत नाही. तुम्ही मंडईत जाऊन येता.

पाचव्या दिवशी ताप, 101. तो तुमच्याच शरीरानं चढवलाय: सायटोकाइन्सनी मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला तसा निरोप दिलाय. आता मानेतल्या लसिका ग्रंथीत शिरा. विषाणूचे तुकडे अंगावर घेऊन एक डेन्ड्रायटिक पेशी आलीये. एकेक टी-पेशी तिला चाचपते आणि पुढे सरकते. जुळत नाही. जुळत नाही. मग एकीचं जुळतं. ती थबकते, चिकटून राहते, आणि विभागू लागते: एकीच्या दोन, दोनांच्या चार. पुरेशी फौज उभी राहायला दिवस लागतात, आणि सुरुवातीचे दिवस तर विषाणूनं केव्हाच लाटलेत.

सातव्या दिवशी कुणीतरी व्हॉट्सअॅपवर कुणाची तरी चिठ्ठी पाठवतं: डेक्सामेथासोन सुरू करा. सॅच्युरेशन 97 आहे. नका घेऊ. जून 2020 मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीनं दाखवलं, की या औषधानं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक-तृतीयांशानं घटतात. ज्यांना ऑक्सिजनच लागत नाही, त्यांना काही फायदा होत नाही. ग्रंथीत आत्ता कुठे वाढू लागलेल्या टी-पेशींना हे स्टेरॉइड दाबतं. इतक्या घरांत ही गोळी इतक्या लवकर दिली गेली, याचं आजही वाईट वाटतं.

आता परत 93 वर या. रात्री 91 होतात. फुफ्फुसात मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिलची झुंबड उडालीये, वायुकोशांत पाणी झिरपतंय. विषाणू ओसरतोय, दाह मात्र आवरत नाही. बेड मिळतो, ऑक्सिजन लागतो. तेच डेक्सामेथासोन, दिवसाला 6 मिलिग्रॅम, आता योग्य वेळी आलंय. रक्तातली साखर तेवढी तपासत राहायची.

जानेवारी 2022. ओमिक्रॉन या विषाणूच्या नव्या प्रकाराचा काटा इतका बदललाय, की त्या आजारानंतर तुमच्याकडे उरलेल्या बऱ्याच अँटिबॉडी त्याला धरू शकत नाहीत. लागण पुन्हा होतेच. पण टी-पेशी विषाणूचे इतरही तुकडे ओळखतात, आणि त्यांतले बहुतेक आहेत तसेच आहेत. या खेपेला एकीचं जुळण्याची वाट पाहायची नाही. स्मृतिपेशी आधीपासून तयार आहेत, आणि पहिल्या काही दिवसांतच त्यांची वाढ सुरू होते.