हाडांवरून मुलांचं वय कसं ठरवतात? एकाच एक्स-रेवरून वेगवेगळी उत्तरं का येतात?

एका मुलावर गुन्हा दाखल झाला आहे. त्याच्याकडे जन्माचा दाखला नाही आणि तो कधी शाळेतही गेलेला नाही. त्याचं वय १८ च्या आत असेल, तर तो बाल न्याय मंडळापुढे जाईल, नाहीतर मोठ्यांच्या कोर्टात. अशा वेळी वय सांगण्याची जबाबदारी डॉक्टरांवर येते आणि ते एक्स-रे काढतात.

असाच एक्स-रे उंची वाढत नाही म्हणून दवाखान्यात आणलेल्या मुलांचाही काढला जातो. १६ वर्षांखालील क्रिकेट स्पर्धांसाठी बीसीसीआयसुद्धा मनगटाचा एक्स-रे तपासतं. पण एक्स-रेमध्ये जन्मतारीख दिसत नाही. त्यात दिसतं ते हाड किती पक्व झालंय एवढंच.

हाडांचं वय म्हणजे काय?

लहान मुलांच्या सांगाड्यात बराच भाग मऊ कूर्चेचा असतो आणि कूर्चा एक्स-रेमध्ये दिसत नाही. म्हणूनच नवजात बाळाच्या मनगटातली आठही छोटी हाडं सहसा एक्स-रेवर उमटत नाहीत. पुढे कूर्चेच्या जागी एका ठरावीक क्रमाने हाड तयार होत जातं. लांब हाडांच्या टोकाशी वाढीची एक पट्टी असते. ती पूर्ण भरून आली की त्या हाडाची लांबी वाढणं थांबतं.

हा क्रम जवळपास सगळ्या मुलांमध्ये सारखा असतो. वेग मात्र सारखा नसतो. १२ वर्षांच्या निरोगी मुलाचं हाडांचं वय ११ किंवा १३ निघू शकतं आणि त्यात काही वावगं नाही. थायरॉइडची कमतरता असेल तर हाडं मागे राहतात, वयात लवकर आलेल्या मुलांमध्ये ती पुढे पळतात.

सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत कोणती?

ग्रॉयलिच आणि पाइल यांचा अ‍ॅटलस. तो १९५० मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९५९ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. त्यात प्रत्येक वयासाठी डाव्या हाताचा एक नमुना एक्स-रे आहे. मुलगे आणि मुलींसाठी नमुने वेगळे आहेत. डॉक्टर समोरचा एक्स-रे या नमुन्यांशी ताडून पाहतात आणि सर्वांत जवळचा निवडतात. काम काही मिनिटांत होतं.

पण हे नमुने १९३० आणि १९४० च्या दशकांत अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात काढलेल्या एक्स-रेंमधले आहेत. ती मुलं होती गोऱ्या, सुस्थितीतल्या कुटुंबांमधली.

दुसरी पद्धत ब्रिटनमधल्या टॅनर आणि व्हाइटहाउस यांची. यात अख्ख्या हाताकडे एकदम न पाहता एकेक हाड तपासतात. त्याच्या पक्वतेचा टप्पा ठरवतात, त्याला गुण देतात आणि बेरजेवरून वय काढतात. तिची टीडब्ल्यू २ ही आवृत्ती १९७५ मध्ये आणि टीडब्ल्यू ३ ही २००१ मध्ये आली. टीडब्ल्यू ३ मध्ये मुख्यतः मनगटाजवळची हाताची दोन लांब हाडं आणि अंगठा, मधलं बोट व करंगळी यांची मिळून १३ हाडं मोजतात. वेळ जास्त लागतो, पण अंदाजपंचे काम कमी होतं.

एकच हात, तीन उत्तरं?

समजा, एका मुलाच्या हाताची सगळी हाडं पूर्ण जुळून आली आहेत. ग्रॉयलिच-पाइलच्या अ‍ॅटलसमध्ये या अवस्थेसमोर १९ वर्षं लिहिलेली आहेत. टीडब्ल्यू २ च्या १३ हाडांच्या गुणांनुसार ती १८.२ वर्षं येतात, तर टीडब्ल्यू ३ नुसार १६.५. एक्स-रे तोच, पण एका पद्धतीने हा मुलगा सज्ञान ठरतो आणि दुसरीने नाही.

याचं कारण तुलनेसाठी घेतलेली मुलं. टीडब्ल्यू २ मागे आधीच्या पिढीतली ब्रिटिश मुलं होती. नंतरच्या पिढ्या लवकर वयात येऊ लागल्या, म्हणून टीडब्ल्यू ३ चे आकडे नव्याने बसवावे लागले.

पिढीप्रमाणे समाजही बदलतो. लॉस एंजेलिसमधल्या मुलांवरचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आशियाई आणि हिस्पॅनिक वंशाच्या मुलांची हाडं पौगंडावस्थेच्या सुरुवातीला अ‍ॅटलसच्या पुढे असल्याचं दिसलं. उलट, जिथे कुपोषण आणि आजारपण जास्त, तिथे हाडं मागे पडतात. त्यामुळे जपान आणि चीनने आपल्या मुलांसाठी वेगळे आकडे तयार केले. भारतीय मुलांचा अभ्यास गॅल्स्टॉन यांनी १९३७ मध्येच मांडला होता. अलीकडे पुण्यातल्या संशोधकांनीही भारतीय मुलांच्या एक्स-रेंवर या पद्धती ताडून पाहिल्या आहेत.

कायदा काय म्हणतो?

२०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ नुसार आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र पाहायचं. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. यातलं काहीच नसेल, तरच हाडांची किंवा इतर वैद्यकीय चाचणी करायची.

सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये जयमाला प्रकरणात एक्स-रेवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक असू शकते, याची नोंद घेतली. म्हणजे चाचणीत १७ आलं, तर खरं वय १५ ते १९ मध्ये कुठेही असू शकतं. १८ ची रेषा नेमकी याच पट्ट्यात येते.

हाताची हाडं जुळून गेल्यावर तर मनगट काहीच सांगू शकत नाही. मग खांदा, कमरेचं हाड, गळपट्टीच्या हाडाचं आतलं टोक आणि अक्कलदाढ पाहावी लागते.

मग या चाचणीचा उपयोग काय?

दवाखान्यात ही चाचणी फार कामाची आहे. तिथे मुलाचं खरं वय माहीत असतं आणि हाडं त्याच्या पुढे आहेत की मागे, हाच प्रश्न असतो. वाढ अजून किती शिल्लक आहे, उपचार लागू पडतोय का, हे त्यातून कळतं. कोर्टात आणि मैदानावर मात्र प्रश्न उलटा होतो, हाडांवरून खरं वय शोधायचं असतं. तिथे चुकीची किंमत मूल मोजतं. खरोखर १५ वर्षांचा, पण लवकर वाढलेला खेळाडू संघाबाहेर राहू शकतो. कुपोषणामुळे खुंटलेला १९ वर्षांचा तरुण अल्पवयीन ठरू शकतो, तर १७ वर्षांची मुलगी सज्ञान.

म्हणून अहवालात नुसता आकडा पुरेसा नाही. पद्धत कोणती वापरली, तुलना कोणत्या मुलांशी केली आणि चुकीची शक्यता किती, या तीन गोष्टी त्या आकड्याशेजारी लिहिलेल्या असायला हव्यात.