लाकडी बैल, मातीची भुलाबाई आणि जपानी बाहुली

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, नागपूरकडे मुलांचा पोळा भरतो. त्याला तान्हा पोळा म्हणतात. आदल्या दिवशी अमावास्येला शेतकऱ्याचे खरे बैल तोरणाखाली उभे राहिलेले असतात. पाडव्याला त्यांची जागा लाकडी बैल घेतात. चार चाकांवर उभा, पाठीवर झूल, शिंगांना बेगड आणि गळ्यात घुंगूरमाळ असा बैल दोरीने ओढीत मुले घरोघर जातात. घरची बाई बैलाला ओवाळते आणि मुलाच्या हातावर बोजारा ठेवते. तिकडे पांढुर्ण्यात त्याच दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार चाललेली असते. इकडे लहानग्यांचे बैल चाकांचा खडखडाट करीत आळीतून जात असतात.

मोहगाव, त्याचा सौंसर तालुका आणि शेजारचे पांढुर्णे हा सातपुड्याच्या दक्षिणेकडील मराठी मुलूख. देवगडच्या गोंड राजांकडून तो अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली आला. भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी १८५४ साली खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. पुढे २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. इतक्या वेळा सीमा आखल्या गेल्या. पण घराघरांतील बोली आणि सण यांच्यावर त्या रेषा फारशा उमटल्या नाहीत. तान्हा पोळा हा त्या सामायिक वारशाचाच एक भाग होय.

हा सण दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी सुरू केला, अशी नागपूरची परंपरा सांगते. रघुजींची कारकीर्द १७८८ ते १८१६ अशी. याच कारकीर्दीत १८०३ साली अडगावच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाला आणि देवगावच्या तहाने त्यांना कटक व वऱ्हाड गमवावे लागले. राज्य आटले, पुढे तेही गेले. दरबारात जन्मलेली मुलांची मिरवणूक मात्र अजून निघते. राजाच्या आज्ञेपेक्षा बालकाच्या हातातील दोरी अधिक चिवट ठरली, असे म्हणावयास हरकत नाही.

या लाकडी बैलाचे एक वैशिष्ट्य सहज नजरेतून सुटते. सामान्य खेळणे मुलाच्या हाती रोज असते आणि म्हणूनच ते लवकर मोडते. हा बैल वर्षातून एकदाच खाली उतरतो. उरलेले दिवस तो माळ्यावर, फडताळात किंवा देवघराच्या कोपऱ्यात असतो. चांगल्या सागवानाचा बैल असेल तर आजोबाने ओढलेला बैल नातू ओढतो. येथे पदार्थाचे जतन करणारा कोणी संग्रहालयाचा अधिकारी नसतो. ते काम सणच करतो. वर्षातून एकदा बाहेर काढणे, पुसणे, रंगवणे, मिरवणे आणि पुन्हा जपून ठेवणे हा क्रम मोडला नाही, तोवर बैलही मोडत नाही.

पण सगळ्याच प्रतिमांच्या नशिबी असे दीर्घायुष्य नसते. त्याच पाडव्याला नागपूरच्या रस्त्यांतून काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची मिरवणूक निघते. ही प्रथा १८८० नंतरच्या दशकातील मानली जाते. कागदाच्या आणि बांबूच्या त्या प्रचंड बाहुल्या मोठ्या कष्टाने घडवायच्या, गावभर फिरवायच्या आणि रोगराई, संकटे घेऊन जा, असे म्हणत जाळून टाकायच्या. पुढे भाद्रपद पौर्णिमेला मुलींची भुलाबाई बसते. भुलोजी आणि भुलाबाई म्हणजे भिल्लवेषातील शंकर-पार्वती. मातीच्या या जोडीवर ज्वारीच्या धांड्यांचा मखर उभारून मुली महिनाभर गाणी म्हणतात, टिपऱ्या खेळतात आणि झाकलेली खिरापत ओळखतात. कोजागिरीला उत्सव सरतो आणि बहुधा ती माती पाण्याला परत जाते.

तेव्हा अवघ्या दीड महिन्यात एकाच प्रदेशात बाहुलीच्या तीन गती दिसतात. एक ठेवायची, एक बुडवायची आणि एक जाळायची. ठेवायच्या बाहुलीची वस्तू टिकते. बुडवायच्या आणि जाळायच्या बाहुलीचे फक्त कसब टिकते. तेही, दर वर्षी नवी घडवणारा हात असेल तर. बाहुल्यांच्या जतनाचा विचार करताना हा भेद प्रथम ध्यानी घेतला पाहिजे.

या भेदाचा सर्वांत खोल विचार ज्या देशाने केला तो जपान होय. तेथेही मुलींचा आणि मुलांचा असे बाहुल्यांचे दोन निराळे सण आहेत. ३ मार्चला मुलींसाठी हिना बाहुल्या मांडतात. लाल कापडाने झाकलेल्या पायऱ्यांवर सर्वांत वर सम्राट आणि सम्राज्ञी, त्यांच्याखाली तीन दासी, पाच वादक, दोन मंत्री आणि तीन सेवक, अशा पूर्ण संचात पंधरा बाहुल्या असतात. ५ मे हा दिवस मुलांचा; त्या दिवशी शिरस्त्राणे आणि योद्ध्यांच्या बाहुल्या मांडीत. १९४८ पासून तो सर्व बालकांचा दिवस म्हणून पाळला जातो. पोळ्याचा बैल मुलांचा आणि भुलाबाई मुलींची, या आपल्याकडील वाटणीशी याचे साम्य सहज दिसते.

मात्र हिना बाहुलीचा उगम ठेवण्यात नाही, सोडून देण्यात आहे. प्राचीन जपानात कागदाच्या आकृतीला अंगावरून फिरवीत, आपले अमंगळ तिच्यात उतरवीत आणि तिला नदीत सोडीत. राजवाड्यातील मुलींच्या बाहुलीखेळाशी ही चाल हळूहळू जोडली गेली. बाहुली अधिक सुंदर, अधिक मोलाची झाली, तशी ती पाण्यात सोडवेना आणि घरातच राहू लागली. अठराव्या शतकात श्रीमंतांच्या घरी हा थाट इतका वाढला की, १७२१ साली शोगुनाच्या सरकारने आठ सुनांपेक्षा, म्हणजे सुमारे २४ सेंटिमीटरांपेक्षा, उंच बाहुल्यांवर बंदी घातली. जुनी चालही अगदी नाहीशी झाली नाही. तोत्तोरी प्रांतातील मोचिगासे गावी आजही भाताच्या पेंढ्याच्या लहान तबकात कागदी जोडी ठेवून नदीत सोडतात. जुन्या झालेल्या बाहुल्या देवळात नेऊन त्यांना विधिपूर्वक निरोप देण्याची प्रथाही तेथे आहे.

ठेवायच्या बाहुलीसाठी जपान्यांनी जी काळजी घेतली, ती शिकण्यासारखी आहे. बाहुलीच्या मुखावर शिंपल्यांची पूड सरसात कालवून तिचे अनेक हात दिलेले असतात. हा लेप ओलाव्याने सुटतो आणि बोटांच्या घामाने डागाळतो. म्हणून आवरताना चेहऱ्याला हात लावीत नाहीत. मऊ पिसाने धूळ झटकतात, चेहऱ्यावर मऊ कागद गुंडाळतात आणि कोरड्या हवेचा दिवस पाहून बाहुली किरी नावाच्या हलक्या लाकडाच्या पेटीत ठेवतात. सण संपल्यावर आवरायला उशीर केला तर मुलीच्या लग्नाला उशीर होतो, अशी समजूत आहे. समजूत भोळी खरी. पण तिच्यामुळे रेशमी वस्त्रे उन्हात आणि धुळीत पडून राहत नाहीत. शिवाय कित्येक पेट्यांवर कारागिराचे नाव लिहिलेले असते. म्हणून संग्राहकाला बाहुलीइतकीच तिची पेटीही मोलाची वाटते. १९५० साली जपानने सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला आणि १९५५ मध्ये हिराता गोयो व होरी र्यूजो या बाहुलीकारांना त्या कलेचे जिवंत वारसदार म्हणून राष्ट्रीय मान दिला. वस्तूबरोबर हातही जपला पाहिजे, हे त्या देशाने ओळखले.

त्याच देशात बाहुलीवर एकदा मोठे संकट आले. १९२७ साली सिडनी गुलिक या मिशनऱ्याच्या पुढाकाराने अमेरिकेतील मुलांनी बारा हजारांहून अधिक बाहुल्या स्नेहाची भेट म्हणून जपानी शाळांना पाठवल्या. शिबुसावा एइची या वृद्ध उद्योगपतीने जपानच्या बाजूने हे कार्य अंगावर घेतले. त्याच वर्षाअखेरीस जपानने किमोनो ल्यालेल्या ५८ उत्तम बाहुल्या अमेरिकेला परत भेट दिल्या. पुढे महायुद्ध आले. निळ्या डोळ्यांची बाहुली शत्रूची ठरली आणि १९४३ च्या सुमारास बहुतेक शाळांतून त्या बाहुल्या जाळण्यात किंवा मोडण्यात आल्या. तरीही तीनशेच्या आसपास बाहुल्या पुढे सापडल्या. त्यांपैकी कित्येक शिक्षकांनी आणि शाळेतील माणसांनी लपवून ठेवल्या होत्या. ज्या काळी बाहुली लपवणे हाही अपराध ठरला असता, त्या काळी एखाद्या गावच्या शाळेत कोणी तरी ती कपाटामागे सारली. संग्रहाचा इतिहास राजे आणि धनिक यांच्या नावाने लिहिला जातो. त्यात या निनावी शिक्षकांनाही स्थान असले पाहिजे.

महाराष्ट्रातही अशी माणसे झाली. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे सातवाहनकालीन व्यापाराचे गाव. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात आणि पांढरीत सापडणाऱ्या जुन्या वस्तू चिकाटीने गोळा केल्या. त्यांत मातीच्या कितीतरी मूर्ती आणि बाहुल्या होत्या. त्यांचा संग्रह आज त्यांच्याच नावाच्या शासकीय संग्रहालयात आहे. तेरलाच एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. इटलीतील पाँपेई नगर ७९ साली ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेले, त्या नगरात १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे नाते जुळते.

पुण्याचे दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये, खेळणी अशा घरगुती वस्तू हयातभर जमवल्या. त्यांनी आपल्या संग्रहालयाला बालपणीच निवर्तलेल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले. दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर यांनी पंडित नेहरूंच्या प्रोत्साहनाने बाहुल्या जमवल्या आणि ३० नोव्हेंबर १९६५ रोजी त्यांचे आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय उघडले. तेथे जपानच्या काबुकी नटांपासून आपल्या प्रांतोप्रांतीच्या नवरानवरीपर्यंत सारे एका छताखाली नांदतात.

असे संग्रह दूरच्या शहरी असतात. मोहगावच्या माळ्यावरील बैलाला तेथवर जाण्याची गरज नाही. त्याचे जतन घरच्या घरी होऊ शकते. त्याचे खरे शत्रू तीन आहेत: वाळवी, ओल आणि अतिउत्साहाने दिलेला रंग. बैल जमिनीला किंवा ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नये. फळीवर, कोरड्या जागी, सुती कापडात गुंडाळून ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. पावसाळ्यात मधूनमधून त्याला वारा द्यावा, कडक ऊन मात्र देऊ नये, कारण त्याने लाकूड तडकते. दर पोळ्याला तैलरंगाचा नवा थर चढत गेला की कोरीव डोळे, वशिंड आणि झुलीची नक्षी बुजून जाते. खरवडून काढावे, तर जुना रंगही त्यासोबत जातो. म्हणून जुना बैल धुळीपुरता पुसावा, आणि नवा साज हवा असेल तर तो कापडाच्या झुलीने, बेगडीने आणि फुलांनी करावा. सण झाल्यावर हा साज उतरवता येतो.

याहून मोठी उणीव निराळीच आहे. जपानी पेटीवर कारागिराचे नाव असते. आपल्या बैलावर ते सहसा नसते. कोणत्या सुताराने तो घडवला, कोणत्या साली, कोणाच्या जन्माच्या निमित्ताने, हे घरातील एखाद्या वृद्धाला ठाऊक असते आणि त्याच्याबरोबर ते जाते. मग उरतो तो केवळ एक जुना लाकडी बैल, आणि त्याला लाकडाच्या भावाने विकून टाकायला कोणाचे मन कचरत नाही. हा तोटा टाळण्यास पैसा लागत नाही. गावच्या शाळेने एक वही घालावी. तान्ह्या पोळ्याला प्रत्येक मुलाने आपल्या बैलाची हकिकत घरी विचारून तीत लिहावी: लाकूड कोणते, घडवणारा कोण, आजवर कोणी कोणी ओढला. कोजागिरीपूर्वी मुलींनी भुलाबाईची घरची गाणी आणि मूर्ती करण्याची रीत त्याच वहीत उतरावी. बुडणारी माती कोणी अडवू नये. तिचे बुडणे हाच तिचा धर्म आहे. पण ती कशी घडवतात, हे पुढच्या वर्षीच्या मुलीला सांगता आले पाहिजे.

दहा वर्षे अशी वही चालली, तर तो त्या गावाचा संग्रहच होईल. त्यातील वस्तू गावातील घराघरांत असतील, आणि वर्षातून एक दिवस त्या आपल्या चाकांवर रस्त्यात येतील.